दर सोमवारी शंभर

१४ ऑक्टोबर, सोमवार

आरोग्यकेंद्रात वजन केलं. छप्पन्न किलो दोनशे ग्रॅम. चौदा महिन्यांपूर्वी एकाहत्तर होतं.

तिथली आहारतज्ज्ञ मिस बोंग, वय एकोणतीस, नखांना रंग, पण कामात चोख. म्हणाली, "बाई, आता कमी करणं बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे खाणं वाढवायचं. आत्ता तेराशे पन्नास कॅलरी घेताय ना? दर सोमवारी शंभर वाढवा. सतराशे पन्नासला थांबायचं. तिथे वजन टिकेल."

"आणि नाही टिकलं तर?"

"टिकेल हो. खायला मिळणार म्हटल्यावर लोक माझ्या गळ्यात पडतात. चेहरा पडलेल्या तुम्ही पहिल्याच."

चेहरा पडला नव्हता. मी विचार करत होते. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं, आहाराचा तक्ता फळ्यावर किती वेळा काढला त्याला गणती नाही. तो स्वतः पाळायला सहासष्टावं वर्ष लागलं, हे मान्य. पण ज्या शिस्तीने मी पंधरा किलो उतरवले, ती एका सकाळी "आता पुरे" म्हणून सोडून द्यायची?

तिने ही नवी वहीही दिली. जुन्या वहीत फक्त ग्रॅम होते. हिच्यात भूक लागल्यावर मनात काय येतं तेही लिहायचं म्हणे. मी जे घडेल ते लिहीन, मागच्या पानांवर; ती फक्त पुढचे आकडे तपासते.

आजचे शंभर: पंधरा ग्रॅम अक्रोड.

१६ ऑक्टोबर

आमचा सातवा मजला म्हणजे एक लांब गॅलरी आणि एका बाजूला दारं. सातशे तीनमध्ये ग्युरीची आई, शेजारी सातशे चारमध्ये मी, आणि सातशे सहामध्ये मार्चपासून ही समुद्रकाठच्या गांगनुंगहून आलेली बाई. गोल चेहरा, मोठा आवाज, बिनबाह्यांचं जाकीट. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. मी मुद्दाम बघत नाही. खिडकीच तिथे आहे.

आज अकरा वाजता ग्युरीची आई ताट घेऊन गेली. भोपळ्याची धिरडी, वासावरून सांगते. माझ्या दारापाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. चप्पल नीट करत असावी. मग सातशे सहाची बेल, आणि "अगं बाई, गरम गरम!" हे सगळ्या चोंगजू शहराला ऐकू जाईल असं.

तेवीस वर्षं ती धिरडी सगळ्यात आधी माझ्याकडे यायची. डाएट सुरू झाल्यावर मीच थांबवली, हे खरं. तोंडी सांगून ऐकेना, म्हणून दाराला बाहेरून कागद लावला: "कृपया खाण्याचे पदार्थ आणू नयेत. आणल्यास परत केले जातील. ७०४." स्वच्छ अक्षर, कोणाचं नाव नाही. तरी माझ्या वाढदिवसाला ती वाढदिवसाचं म्हणून करतात ते समुद्री शेवाळाचं सूप घेऊन आलीच. मी तिच्यासमोर वाडगा वजनकाट्यावर ठेवला, दोन चमचे घेतले, बाकीचं लगेच परत केलं, खराब व्हायला नको म्हणून. भांडं घासून दिलं. ह्याहून व्यवस्थित कोण वागेल?

आणि आता डाएट संपलंय, हे कोणालाही दिसतं. गालांवर दिसतं.

१९ ऑक्टोबर

लिफ्टपाशी मागून हाक आली, "ऑन्नी!"

ग्युरीची आई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. चोवीस वर्षं ती मला ऑन्नी म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी वळले. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. लिफ्टमधून गांगनुंगवाली बाहेर येत होती, दोन्ही हातांत कांद्याची पात.

ती त्रेसष्टची आहे म्हणे, ग्युरीच्या आईपेक्षा मोठी, तेव्हा नियमाने तीही ऑन्नीच. नियम मला माहीत आहे.

ग्युरीच्या आईने मला वाकून नमस्कार केला. "कशा आहात?" म्हणाली. आहात.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पंधराशे पन्नास. वाढीव शंभर म्हणजे मध्यम रताळ्याचा दोन तृतीयांश भाग. उरलेला एक तृतीयांश झाकून ठेवला.

सातशे सहामधून ते ताट परत गेलं, बटाट्याचे उकडलेले गोळे भरून. वरून तीळ. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे माझी आईसुद्धा पाळायची. पण चौदा महिने मी भांड्यात भरणार काय होते? काकडी?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सार्वजनिक स्नानगृहात गेले. पूर्वी दर शुक्रवारी आम्ही दोघी जायचो, एकमेकींची पाठ चोळायचो. डाएटमध्ये मी वार बदलला, कारण आंघोळीनंतर ग्युरीच्या आईला भाजलेली अंडी आणि केळ्याचं दूध लागायचंच, आणि समोर बसून ते बघणं माझ्याने होत नव्हतं. आज म्हटलं, आता हरकत नाही.

दोघी आधीच आल्या होत्या. ग्युरीची आई गांगनुंगवालीची पाठ चोळत होती. हातमोजा चढवून, खालून वर, ज्या पद्धतीने मी तिला शिकवलं त्याच पद्धतीने. पाठ भलीमोठी आहे, दोन माणसांचं काम. आणि ती बाई डोळे मिटून, "हां, तिथेच, अजून थोडं डावीकडे, देवा!"

मी लांबच्या नळावर बसले. तिथली पैसे घेऊन पाठ चोळणारी बाई येऊन म्हणाली, "आजी, पाठीला कोणी आहे का?"

"माझी पाठ स्वच्छ आहे," मी म्हटलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सत्तावन्न किलो शंभर. दोन आठवड्यांत नऊशे ग्रॅम.

हेच होणार होतं. एकदा फट पडली की पंधराच्या पंधरा किलो परत येतात. आणि ती सातशे सहामधली बाई दिवसभर चरते, वजनकाट्यावर पाय ठेवत नाही, आणि लोक तिच्या दाराला पिशव्या अडकवतात. माझ्या पंधरा किलोंचं कोणाला काय?

वहीत सोळाशे पन्नास लिहिलं. तेराशे खाल्लं.

४ नोव्हेंबर, सोमवार

पकडले गेले.

काटा पंचावन्न किलो आठशे. मिस बोंगने वही बघितली, काटा बघितला, परत वही बघितली. "बाई, लोक माझ्याकडे जास्त खाऊन कमी लिहितात. तुम्ही उलटी कॉपी करताय."

कॉपी करणाऱ्या मुलींना मी परीक्षेतून उठवलेलं आहे. एकीची आई शाळेत येऊन रडली, तरी उठवलं. मी कबूल केलं.

"ते नऊशे ग्रॅम पाणी होतं. शरीर जरा भरून घेतं, घाबरायचं नाही. आजपासून सतराशे पन्नास, खरेखुरे." मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "जेवता कोणाबरोबर?"

"एकटी. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली."

"शेजारीपाजारी?"

"त्यांना वेगळे शेजारी आहेत."

"बाई, वजन उतरवणं चौदा महिन्यांचं काम होतं. टिकवायचं जन्मभर. जन्मभर एकटीच अक्रोड मोजत बसणार?"

"हो," मी म्हटलं.

तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही.

७ नोव्हेंबर

सकाळी दाराच्या मुठीला पिशवी. आत बारा पर्सिमॉन, मऊ होत आलेले, एकेक कागदात गुंडाळलेला. सांगजूचे असावेत. ग्युरीच्या आईचं माहेर सांगजूचं, तिच्या भावाची झाडं आहेत. म्हणजे पिशवी निघाली होती सातशे सहाला, आणि कोणीतरी घाईत चुकीच्या दाराला अडकवली.

दुसऱ्याच्या नावाची वस्तू मी ठेवून घेत नाही. आणि ती सातशे सहाला नेऊन द्यायला मी काही हमाल नाही. खाली पहारेकरी काकांकडे दिली. "चुकून आली आहे. कोणी चौकशी केली नाही तर तुम्ही खा."

"नक्की ना, बाई? तुमच्याच दाराला होती ना?"

"माझ्या दाराला कोणी काही लावत नाही."

एका पर्सिमॉनच्या शंभर कॅलरी. बरोबर शंभर. जिना चढताना हिशोब केला.

८ नोव्हेंबर

काका खोलीबाहेर बसून पर्सिमॉन खात होते, चमच्याने. ग्युरीची आई समोर उभी. मी गेटातून आत आले तशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार न करता लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट माझ्यासाठी थांबवलीही नाही.

चूक तिची, जमा मी केलं योग्य ठिकाणी, आणि राग माझ्यावर!

१४ नोव्हेंबर

वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस ठरला. तेवीस तारीख, शनिवार, ग्युरीच्या आईकडे. मला कोणी सांगितलं नाही. दोघी गॅलरीत बोलत होत्या आणि माझी खिडकी उघडी होती. चाळीस कोबी, वीस मुळे, ताजी कालवं, डुकराचं मांस उकडून.

कोबी मिठात मुरवण्याचं काम तेवीस वर्षं माझं. तिखट मसाला ग्युरीच्या आईचा, मीठ माझं. गेल्या वर्षी मी गेले नाही, कारण किमची आली की भात आला. मीच नाही म्हटलं. पण गेल्या वर्षी तिने विचारलं तरी होतं.

आता मीठ सातशे सहा लावणार. "आमच्याकडे तर सरळ समुद्राच्या पाण्यात बुडवतात," असं सांगत होती. चोंगजूत समुद्र कुठून आणणार ते विचारायचं राहिलं तिचं.

सोमवारपासून रोज साठ कॅलरी मागे ठेवायच्या. शुक्रवारपर्यंत तीनशे जमतात. मिस बोंगच्या नियमात बसतं. कशासाठी, ते लिहीत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

एकशे ऐंशी जमा.

मिठाची पोती वर आली, चाकांच्या गाडीवरून, माझ्या दारावरून. गाडी थांबली. मी चहाचा कप खाली ठेवला. गाडी पुढे गेली.

दार किंचित उघडून हात बाहेर काढला आणि माझी बेल वाजते का ते तपासलं. वाजते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनशे.

कोणी आलं नाही. बाथरूममध्ये पाणी सोडल्याचा आवाज भिंतीतून येतोय. टबमध्ये कोबी बुडवत असणार. गांगनुंगवाली हसतेय. मी असताना तिथे कोणी हसायचं नाही, कामं व्हायची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेसातला बेल. दारात गांगनुंगवाली, कोपरापर्यंत भिजलेली, हातात कोबीचं एक पान.

"ऑन्नी, हे बघा हो जरा. रात्रभर मिठात होतं. वाकायचं नावच घेत नाही."

तिने पान दुमडलं. देठ काटकन मोडला.

मी हिची ऑन्नी कधीपासून, ते विचारलं नाही. "मीठ किती घातलं?"

"अंदाजाने."

"पाणी?"

"तेही अंदाजाने. मी कधी मोजलंय? समुद्र असायचा ना!"

"ग्युरीच्या आईने पाठवलं?"

"छे, छे! ती म्हणते, सातशे चारला विचारायचं नाही, त्यांनी लेखी देऊन ठेवलंय. म्हणून तर मी आले. मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही." आणि हसली.

लेखी काय, ते माझ्या ध्यानात आलं नाही. विचारत बसायला वेळ नव्हता. चाळीस कोबी, म्हणजे ऐंशी अर्धुकं, आणि मसाला कालवून तयार असणार. अशा कोबीची किमची आठ दिवसांत पाणी सोडते. मी त्या दोघींसाठी गेले नाही, कोबीसाठी गेले. एप्रन बांधला आणि काटा उचलला.

ग्युरीची आई बैठ्या स्टुलावर मुळा किसत होती. माझ्याकडे बघितलं नाही, काट्याकडे बघितलं.

"काटा घेऊन आलीस? कोबीलाही डाएटवर बसवणार?"

"कोबीला वाढवायचंय. मीठ आण."

दहा लिटर पाण्याला बाराशे ग्रॅम मीठ, पाणी कोमट. खालची अर्धुकं वर, वरची खाली, देठांमध्ये मूठमूठ कोरडं मीठ, वर फळी आणि फळीवर तांदळाचं पोतं. मी सांगत होते, गांगनुंगवाली उचलत होती. ताकद आहे तिच्यात, नाकारत नाही. दर अर्ध्या तासाने मी एक पान वाकवून बघत होते. साडेअकराला पान बोटाभोवती अंगठीसारखं फिरलं.

तिघी धुवायला बसलो. तेव्हा ग्युरीची आई नळाकडे बघत म्हणाली, "ऑन्नी, तुझ्या कागदाची टेप सुटत आलीय. खालचा कोपरा. मी दोनदा चिकटवली."

"कुठला कागद?"

"कुठला कागद म्हणे! कचरा टाकायला जाताना रोज वाचते मी. पाठ झालाय. म्हणून दाखवू?"

तो कागद. मी तो रोज बघत होते आणि बघत नव्हते, वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशासारखा. डाएट संपलं तेव्हा तो काढायला हवा होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग सांगायचंस ना, काढ म्हणून!"

"मी सांगू? तुला? लिहिलेलं तू, शिक्षिका तू. वाढदिवसाचं सूप काट्यावर ठेवणारी तू."

"मी भांडं घासून दिलं होतं."

"तेच तर म्हणतेय. घासून. कोरडं, रिकामं." तिने एक कोबी इतक्या जोरात पिळला की पाणी माझ्या तोंडावर उडालं. "मुद्दाम दाराला पर्सिमॉन अडकवले, म्हटलं निदान तोंडावर परत करायची नाही. तर तू ते काकांना वाटलेस!"

"मला वाटलं सातशे सहाचे आहेत."

टबापलीकडून गांगनुंगवाली ओरडली, "माझे आले होते की! दोन पिशव्या!"

दोन. मला एक. हे नोंदवून ठेवते.

चूक झाली की चूक झाली म्हणावं, असं मी मुलींना शिकवायची. मी म्हटलं. एकदाच म्हटलं, पण ऐकू जाईल असं. ग्युरीची आई म्हणाली, "मुळा दे."

मसाला भरायला बसलो. आमच्याकडे जी मसाला भरते तीच आतलं पिवळं कोवळं पान घेते, त्यात कालव आणि मांसाचा तुकडा गुंडाळते आणि दुसरीच्या तोंडात घालते, कारण सगळ्यांचेच हात लाल असतात. ग्युरीच्या आईचं पहिलं पान गांगनुंगवालीच्या तोंडात गेलं. ती जवळ बसली होती म्हणून, असं मी धरून चालते.

दुसरं माझ्या तोंडासमोर येऊन थांबलं.

"वजन करायचं असेल तर काटा तिथेच आहे, ऑन्नी."

मी तोंड उघडलं.

मिस बोंगने मनात काय येतं ते लिहायला सांगितलंय. तिखट होतं. डोळ्यांतून पाणी आलं. मिरची यंदा जास्त पडली आहे, मी तसं सांगितलंही. माझं पान गांगनुंगवालीच्या पानापेक्षा मोठं होतं. मी दोन्ही पाहिली आहेत.

किती खाल्ली? आठ. किंवा नऊ. शिवाय भात. तीनशेचा हिशोब दुसऱ्या पानालाच संपला.

२४ नोव्हेंबर, रविवार

कागद काढला. टेपचे तीन थर निघाले. माझा एकच होता.

ग्युरीच्या आईने काल मांस भरून दिलेला डबा घासला. मग चिकट तांदूळ भिजवले, चेस्टनट सोलले, बोरं, सोया, तिळाचं तेल, काळी साखर. हा गोड भात मी दोन वर्षांत केला नव्हता; हाताला आठवत होतं. डबा भरून सातशे तीनच्या मुठीला अडकवला. बेल वाजवून परत आले.

गांगनुंगवालीचा डबा माझ्याकडे नव्हता, तरी एक वाडगाभर तिलाही दिला. त्यात चेस्टनट तीन कमी घातले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

छप्पन्न किलो नऊशे. घाबरले नाही. थोडी घाबरले.

मिस बोंगने वहीत बोट ठेवलं. "बाई, शनिवारचा आकडा रिकामा? तुमचा?"

"मोजलं नाही."

"निदान अंदाजे?"

"अंदाजे बरंच," मी म्हटलं. तिने तसंच लिहून घेतलं आणि पहिल्यांदाच खाली लाल पेनने बरोबरची खूण केली. ती खूण कशी काढतात ते तिला शिकवायला हवं. शेपूट फार लांब काढते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तिघी स्नानगृहात गेलो. एकामागे एक बसलो: पुढे गांगनुंगवाली, मध्ये ग्युरीची आई, शेवटी मी. मधलीने पुढचीची पाठ चोळली, मी मधलीची. पाठ आहे तशी आहे, डाव्या खांद्यावर तो तीळ. मग माझी कोण चोळणार हा प्रश्न आला. मी विचारला नाही, हातमोजा पिळत बसले.

"वळ," ग्युरीची आई म्हणाली.

वळले. खालून वर, ज्या पद्धतीने मी शिकवलं त्याच पद्धतीने. मग हात थांबला. "अगं, हाडं लागतायत हाताला. इथे माणूस होतं ते कुठे गेलं? बाहेर दोन अंडी खाशील. मोजायची नाहीत."

"अंडी दोन, हे मोजणंच झालं."

"गप बस."

समोर भिंतीवर घड्याळ आहे. गांगनुंगवालीची पाठ तिने चार मिनिटं चोळली. माझी सात. आणि त्या बाईची पाठ माझ्या दुप्पट आहे.